मोजणीबाईची खरी जागा

सोमवारी दुपारी मेव्हणा आला तो चपला काढायच्या आधीच बोलायला लागला. त्यावरूनच मीटरवाल्याने ओळखलं की काम स्वतःचं आहे. दुसऱ्याचं काम असलं की मेव्हणा आधी चहा पितो.

“भाऊजी, तुमच्या वह्या कुठे आहेत?”

“कसल्या?”

“आता कसल्या म्हणून काय विचारता. ऐकण्याच्या.”

ऐकण्याच्या वह्या म्हणजे रेडिओच्या. या दोघांना ऐन तारुण्यात शॉर्टवेव्हचं वेड लागलं होतं. लांबलांबच्या देशांची स्टेशनं पकडायची, तारीख, वेळ, काट्यावरची जागा, आवाजाचा जोर आणि शेरा असे पाच रकाने भरायचे, आणि त्या स्टेशनला पत्र पाठवून पोचपावतीच्या कार्डाची वाट बघत बसायची. मिळकत शून्य, उलट टपालखर्च. पण माणसाला अब्रूसाठी काहीतरी लागतंच. कुणी घोडे पाळतो, कुणी भांडणं.

मेव्हण्याने पिशवीतून कागद काढले. परदेशातली एक श्रोत्यांची संघटना पुस्तक काढत होती. ज्यांचा आजवर पत्ता लागला नाही अशा संकेतांचं पुस्तक. त्यात एक पान मोजणीबाईला, म्हणजे रेडिओवर नुसते आकडे म्हणणाऱ्या त्यांच्या बाईला मिळणार होतं, आणि पानाच्या डोक्यावर ‘प्रथम ऐकणारा’ म्हणून मेव्हण्याचं नाव. अट एवढीच, की दुसऱ्या एका श्रोत्याची सही हवी आणि त्याची मूळ वही हवी. नक्कल चालणार नाही.

“शुक्रवारी टाकायचंय पोस्टात,” मेव्हणा म्हणाला. “फॉर्म मी भरलाय. तुम्ही फक्त सही करा आणि वही द्या. कोणती ते सांगू का? निळ्या पुठ्ठ्याची. सगळ्यात जास्त नोंदी तिच्यात आहेत.”

“शोधावी लागेल.”

“शोधा. तुम्हाला दुसरं काय काम आहे?” असं बोलून गेल्यावर मेव्हण्याला आपण कुणाच्या घरात बसलोय ते आठवलं. तो भिंतीकडे बघायला लागला. भिंतीवर बहिणीचा फोटो होता, म्हणून मग खिडकीकडे बघायला लागला.

मीटरवाल्याला त्या बोलण्याचं काही वाटलं नाही. बायको गेल्यापासून आठ महिने त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी हिरडीला सुई टोचतात आणि गाल आपला राहत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. शेजाऱ्यांनी महिनाभर वाट पाहिली की हा आज रडेल, उद्या रडेल. मग ‘मनाचा घट्ट’ असा निकाल देऊन त्यांनी नाद सोडला. घट्ट कसला. चहात साखर पडली की नाही हेसुद्धा त्याला कप संपल्यावर कळायचं.

वही शोधावी लागणार नव्हती. ती कपाटाच्या खालच्या फळीवर, उजवीकडून तिसरी होती. अडचण वहीत होती. एकशे अठराव्या पानावर.

दोघांची ओळख झाली ती एका रेडिओ मेकॅनिकच्या दुकानात. तेव्हा मीटरवाला पाणीखात्यात नवा लागला होता. गल्लोगल्ली फिरून घरांचे मीटर वाचायचा. मेव्हणा तेव्हा मेव्हणा नव्हता, टायपिंगचे सर होता. मेकॅनिकने दोघांना दोन सेट बांधून दिले, एकाच साच्याचे, जुळ्या भावांसारखे. दोघांचं लगेच अरे-तुरेवर आलं. पुढे सरांच्या धाकट्या बहिणीशी मीटरवाल्याचं लग्न झालं आणि दुसऱ्याच दिवसापासून सर ‘भाऊजी, तुम्ही’ म्हणायला लागले. मीटरवाल्यालाही मग ‘दादा, तुम्ही’ करावं लागलं. नातं वाढलं की असं होतं, मधली जागाही वाढते.

लग्नाला सात वर्षं झाल्यावर मोजणीबाई लागली. वेळ दुपारी चार चाळीस, जागा काट्यावर साडेअकरा मेगाहर्ट्झच्या घरात. मागच्या खोलीत दोघं सेटपुढे बसले होते. तार खिडकीतून पाण्याच्या टाकीच्या खांबापर्यंत नेलेली. आधी नुसती खरखर. मग खरखरीच्या तळातून एक शिट्टी वर आली, विहिरीतून घागर यावी तशी हेलकावत, आणि शिट्टीमागून एका बाईचा आवाज. भाषा कळेना. पण आकडे कुठल्याही भाषेत आकड्यांसारखेच ऐकू येतात. ना राग ना लोभ. बाई एक शब्द म्हणायची, थांबायची, मग तीन आकडे. पुन्हा शब्द, पुन्हा तीन आकडे. मध्येच आवाज बुडायचा, दोघं श्वास धरून पुढे वाकायचे, तो पुन्हा वर यायचा. अकरा मिनिटांनी बाई गेली. मेव्हण्याच्या दंडावर काटा उभा राहिला होता. त्याने बाही वर करून तो मीटरवाल्याला दाखवला, लस टोचून आल्यासारखा.

“हेर,” मेव्हणा म्हणाला.

“हेराला रोज चार चाळीसला कोण बोलावतं? ऑफिस आहे का?”

“म्हणूनच. कुणाला संशय येत नाही.”

त्या दिवसापासून त्यांची दुपार ठरून गेली. मीटरवाला सकाळी लवकर फेरी संपवायचा आणि मेव्हणा चारचा वर्ग एका हुशार विद्यार्थिनीवर सोपवून यायचा. जगातल्या कुठल्याही यादीत ती बाई नव्हती. पत्रं लिहून विचारलं तर काट्यावर साडेअकराच्या जागी काहीही ऐकू येत नाही अशी उत्तरं आली. आपल्याशिवाय ही कुणालाच ऐकू येत नाही, या गोष्टीने मेव्हण्याची छाती दोन बोटं फुगली. आकड्यांचा उलगडा करायला त्याने टाइपरायटरची एकेक कळ एकेका आकड्याला लावून पाहिली. पंधरा दिवसांच्या मेहनतीनंतर कागदावर ‘टटकमट’ उमटलं. मीटरवाल्याची बायको चहा ठेवायला आली होती, ती वाचून म्हणाली, “दादा, हा हेर तोतरा आहे वाटतं.”

तिने स्वतः कधी कान लावला नाही. तिचं म्हणणं, घरात दोन माणसं आपल्याशी न बोलणाऱ्या बाईचं ऐकत बसली असताना बोलणाऱ्या बाईने भाजी निवडावी हेच बरं.

पाच वर्षं अशी गेली. मग एका मंगळवारी मीटरवाल्याला फेरीवर उशीर झाला आणि मेव्हणाही आला नव्हता. टायपिंगच्या वर्गाला घरघर लागली होती. सगळीकडे कॉम्प्युटर आले होते आणि तीनच विद्यार्थी उरले होते, त्यांतल्या एकीचं लग्न ठरलेलं. घरी येऊन मीटरवाल्याने सवयीने वही उघडली. एकशे अठराव्या पानावर, त्या तारखेपुढे, बायकोचं गोल अक्षर होतं. चिठ्ठी लिहायची तर नवरा नक्की बघेल अशा जागी लिहावी, एवढा संसार तिला कळत होता.

‘चार चाळीस. तुमच्यासाठी सेट लावून ठेवला, पुसताना काटा सरकला. तुमची बाई वर पण आहे, साडेबाराच्या जरा अलीकडे. तिथे अगदी शेजारच्या खोलीत असल्यासारखी. आधी तिच्या भाषेत आणि मग इंग्रजीत सांगते. नदीच्या पाण्याची पातळी, गावागावाची, होड्या चालवणाऱ्यांसाठी. तुमच्याच खात्यातली निघाली. दादाला सांगू नका.’

मीटरवाला दुसऱ्या दिवशी एकटा बसला आणि काटा वर नेला. सगळं खरं होतं. ज्याला जाणकार सावली म्हणतात तो प्रकार. अशा घडणीच्या सेटमध्ये एकच स्टेशन दोन ठिकाणी लागतं. एकदा आपल्या खऱ्या जागी, जोरात, आणि एकदा ठरावीक अंतर खाली, क्षीण, हेलकावत, जगाच्या टोकावरून आल्यासारखं. नवशिक्यालाही हे ठाऊक असतं. पण मेकॅनिकने सेट देताना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की माझ्या सेटला सावली पडत नाही, आणि मेकॅनिक देवमाणूस, त्याने एका पैशाचा कधी घोटाळा केला नव्हता. प्रामाणिक माणसाच्या चुकीवर कुणी शंका घेत नाही. वरच्या त्या पट्ट्यावर हे दोघं कधी थांबलेही नव्हते. ती नुसती जहाजांची आणि बंदरांची बडबड, तिथे काय ऐकायचं म्हणून काटा सरळ पुढे न्यायचे.

“सांगून टाकतो त्यांना,” रात्री जेवताना तो म्हणाला.

“आत्ता नको.”

“खोटं लिहायचं मग?”

“या महिन्यात त्याचा वर्ग बंद होतोय. एकदम दोन्ही काढून घ्याल का त्याच्याकडून? पुढे बघू.”

पुढे काही बघितलं गेलं नाही. तेरा वर्षं मीटरवाला मेव्हण्याशेजारी बसून सावलीची नोंद करत राहिला. मग नऊ वर्षांपूर्वी एका सोमवारी चार चाळीसला बाई आली नाही. मंगळवारीही नाही. मेव्हणा आठवडाभर येऊन बसला आणि खरखर ऐकून गेला. “काम झालं असेल त्यांचं,” तो म्हणाला. मीटरवाल्याने वरचा पट्टा तपासला, तिथेही काही नव्हतं. होडीवाल्यांनाही कॉम्प्युटर मिळाला असणार.

बुधवारी मुलीचा फोन आला. ती त्याच शहरात राहायची आणि रोज सव्वा आठला फोन करून बाप जेवला का ते विचारायची.

“मामाचा फोन आला होता,” ती म्हणाली. “तुम्ही वही देताय का म्हणून. मला म्हणतो, तुझ्या बापाला जरा हलव.”

मीटरवाल्याने तिला एकशे अठराव्या पानाचं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगतानाही फार काही झालं नाही. खात्यात साहेबाला आकडे वाचून दाखवायचा तसं त्याने वाचून दाखवलं.

“आईचं अक्षर आहे?”

“हो.”

“मग पान फाडून आपल्याकडे ठेवा आणि बाकीची वही देऊन टाका. मामा खूश, आईचा शब्द राहिला, कुणाचं काय गेलं?”

“पानांना नंबर असतात.”

“बाबा, परदेशात बसून कोण मोजणारे तुमची पानं?”

“ते लोक मोजतात. आम्ही सगळे मोजतो.”

“मग हरवली म्हणा.”

“कपाटात आहे ती.”

मुलीने सुस्कारा सोडला. “तुम्ही दोघं म्हणजे ना... बरं, आज काय जेवलात?”

मीटरवाल्याला आठवेना. जेवलो, असं त्याने सांगितलं.

गुरुवारी त्याने पोलादी पट्टी आणि ब्लेड काढून टेबलावर ठेवलं. पट्टी शिवणीला लावली. पान फाडलं तर सही खोटी. सही नाही केली तर मेव्हण्याचं सत्तराव्या वर्षी पुस्तकात यायचं नाव जातं, आणि कारण विचारल्यावर सांगायचं काय? तसंच दिलं तर बहिणीने भावाला बावीस वर्षं फसवलं हे भावाला बहिणीच्याच अक्षरात वाचावं लागतं, आणि ती समजूत घालायला इथे नाही. हिशेब तीन बाजूंनी मांडला तरी बाकी येत होती. यातल्या कुठल्या गोष्टीने वाईट वाटायला हवं ते त्याला कळत होतं, नुसतं कळत होतं. त्याने ब्लेड पुन्हा कागदात गुंडाळलं.

शुक्रवारी मेव्हणा इस्त्रीचा शर्ट घालून आला. पोस्टात जायला इस्त्री कशाला लागते ते त्याचं त्यालाच ठाऊक.

“सापडली?”

“ही घ्या.” मीटरवाल्याने निळी वही त्याच्या हातात दिली. “आधी बघून घ्या एकदा. सही मग करतो.”

“त्यात काय बघायचं? माझ्या पाठ आहे.”

“तरी बघा. मी चहा टाकतो.”

स्वयंपाकघरात पाणी उकळायला लागलं. बाहेर पानं उलटल्याचा आवाज येत होता, मध्ये मध्ये मेव्हणा मोठ्याने वाचत होता, “जोर दोन, जोर तीन, अहो हा दिवस आठवतो का, वीज गेली होती.” मग वाचणं थांबलं. पान उलटल्याचाही आवाज थांबला. मीटरवाल्याने दूध घातलं, चहा दोनदा वर येऊ दिला, गाळला आणि बाहेर नेला.

मेव्हण्याने चष्मा काढून हातात धरला होता.

“हे तिचं अक्षर आहे.”

“हो.”

“दादाला सांगू नका म्हणजे मला?”

“तिला दुसरा दादा कुठे होता.”

“तुला कधीपासून माहीत आहे?”

चौतीस वर्षांनी ‘तू’ आला होता. मीटरवाल्याने कप खाली ठेवला. “तारीख आहे तिथे.”

“बावीस वर्षं. त्यातली तेरा माझ्याशेजारी बसून लिहीत होतास. मी काटा दाखवत होतो नि तू मान डोलवत होतास.”

“ऐकू येत होतं तेच लिहिलं. जागा तेवढी खोटी होती.”

“जागेशिवाय काय असतं आपल्या धंद्यात?”

मेव्हणा उठला. कागद पिशवीत कोंबले, दारापर्यंत गेला, एक चप्पल पायात घातली. दुसरी घालताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला आणि तो तसाच उभा राहिला. जिन्यावर कुणाचे तरी पाय वाजले, वर गेले, दार लागलं.

“माझा वर्ग बंद झाला तो महिना,” तो भिंतीकडे बघत म्हणाला.

“हो.”

“म्हणून?”

“ती म्हणाली, एकदम दोन्ही नको.”

“मग नंतर का नाही सांगितलं?”

“नंतर तुम्ही रोज येत होतात.”

मेव्हणा तसाच एक चप्पल घालून आत आला आणि खुर्चीवर बसला. चहा गार झाला होता, तो त्याने एका दमात पिऊन टाकला. वही पुन्हा उघडली. बराच वेळ त्या एका ओळीवर बोट ठेवून बसला. मग टायपिंगचे सर त्याच्यात परत आले.

“वेळ चुकीची लिहिलीय,” तो म्हणाला. “घरच्या घड्याळाची आहे. आपण जागतिक वेळ लिहितो. नि जागेला ‘जरा अलीकडे’ म्हणतात का? नेमका आकडा नको?”

“तिला रकाने माहीत नव्हते.”

“कधी कान लावला नाही पोरीने. आपण दोघं गाढवांसारखे पाच वर्षं वाकून बसलो, आणि हिने फडकं मारताना शोधलं.”

त्याने पिशवीतून चुरगळलेला फॉर्म काढला आणि मांडीवर हाताने सपाट केला. वर त्याचं नाव टाइप केलेलं होतं. फक्त नावासाठी त्याने जुन्या टाइपरायटरला नवी रिबीन घातली होती, ते अक्षरांच्या काळेपणावरून कळत होतं. खिशातून पेन काढून त्याने पट्टी मागितली आणि नावावरून एक सरळ रेघ मारली. वहीतली चूक दुरुस्त करायची तशी. एकच रेघ, खालचं वाचता यावं अशी, बाजूला सही.

“दादा, पुस्तक निघू द्या तसंच. मी सही करतो.”

“कशावर करता? सावलीवर?” ‘तुम्ही’ परत आला होता. “मागच्या पानावर बघा काय आहे. ‘संकेताचा उलगडा झाला असल्यास.’ ते पान कुणी भरत नाही. भरायला उलगडा लागतो.”

त्याने पान उलटलं आणि भरायला घेतलं. संकेत कोणता, खरी जागा कोणती. खऱ्या जागेचा नेमका आकडा मीटरवाल्याने न बघता सांगितला. कशाची माहिती, नदीची पातळी. मेव्हण्याच्या तोंडातून ‘होड्यांसाठी’ हा शब्द जरा जड निघाला. हेराचा होडीवाला व्हायला त्याला सत्तावीस वर्षं लागली होती.

“उलगडा करणाऱ्याचं नाव,” तो वाचत म्हणाला, आणि विचारल्याशिवाय बहिणीचं नाव लिहिलं. माहेरचं लिहिलं, मग स्वल्पविराम देऊन सासरचंही लिहिलं. “सेट कोणता. मेकॅनिकने बांधलेला, तुमचा. पत्ता?”

“इथलाच.”

मेव्हण्याने घर नंबर लिहिला, रस्ता लिहिला. अक्षर बारीक, सरळ, टाइप केल्यासारखं उमटत होतं.

“पिन?”

मीटरवाल्याने तोंड उघडलं. या गल्लीतले घराघरांचे मीटर नंबर त्याला अजून येत होते. पहिल्या घरापासून म्हणायला सांगितलं असतं तर शेवटपर्यंत म्हटले असते. पिनचे आकडे मात्र कुठेच नव्हते. पहिला तोंडात यायचा आणि बाकीचे बुडायचे. त्याने घसा खाकरला, पुन्हा सुरुवात केली. या वेळी पहिलासुद्धा आला नाही, फॉर्मवरचं बायकोचं नाव तेवढं दिसत राहिलं. सुई उतरताना आधी झिणझिण्या येतात, मग दुखायला लागतं, असं दाताच्या डॉक्टरने एकदा सांगितलं होतं.

“सांगतो,” तो कसाबसा म्हणाला. “थांबा जरा.”

मेव्हण्याने मान वर केली नाही. तो रकाना त्याने मोकळा सोडला आणि पुढचा वाचायला घेतला, नेहमीपेक्षा हळू, शब्द तोडून तोडून.